बासष्ट हजार चारशे रुपयांचं काय झालं?

छत्रपती संभाजीनगरात बीड बायपासवर किंवा सातारा परिसरात रविवारी फ्लॅट पाहायला गेलं, की साइट ऑफिसात चहासोबत एक हिशेब हमखास पुढे येतो. भाडं भरताय म्हणजे दुसऱ्याचं घर फेडताय. इथे हप्ता भरा, घर तुमचं होईल, वर टॅक्स वाचेल तो वेगळा. मग कॅल्क्युलेटर समोर सरकवला जातो. त्यावर आकडा असतो 62,400. दरवर्षी एवढा प्राप्तिकर वाचणार.

आकडा खोटा नाही, फक्त जुना आहे. राहत्या घराच्या कर्जावरच्या व्याजाची 2 लाखांपर्यंत वजावट, त्यावर 30 टक्के कर, त्यावर 4 टक्के उपकर, की झाले 62,400. तेव्हाही तो सगळ्यांसाठी नव्हताच. 20 टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्याचे 41,600 वाचत. पण ही सारी वजावट जुन्या करप्रणालीतली. 2023-24 पासून नवी प्रणाली आपोआप लागू होते, जुनी हवी असेल तर ती मुद्दाम निवडावी लागते, आणि नव्या प्रणालीत राहत्या घराच्या व्याजाला वजावट नाही. मुद्दलाच्या फेडीला नाही, स्टँप ड्युटीला नाही, आणि भाडेकरूच्या घरभाडे भत्त्यालाही नाही.

मग जुनी प्रणाली निवडावी का? वर्षाला 10 लाख पगार असलेला, वाळूजच्या कारखान्यातला एक अभियंता घ्या. त्याने कर्ज काढून घर घेतलं, जुनी प्रणाली निवडली, 50 हजारांची प्रमाणित वजावट, 80 क कलमाखालचे दीड लाख आणि व्याजाचे पूर्ण 2 लाख वजा केले. करपात्र उरले 6 लाख आणि कर आला 33,800. त्याच्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी उल्कानगरीत भाड्याने राहतो, कुठेही काही गुंतवत नाही आणि नव्या प्रणालीत आहे. त्याचा कर शून्य. कारण 2025-26 पासून नव्या प्रणालीत पगारदाराला 12 लाख 75 हजारांपर्यंत कर लागत नाही. कर वाचवायला घर घेऊन, कर वाचवायची प्रणाली निवडून, आपला अभियंता 33,800 रुपये जास्त भरून बसला! तोही नव्या प्रणालीत गेला तर त्याचाही कर शून्य होईल. पण मग घरामुळे वाचलेला कर? तोही शून्यच.

पगार 20 लाख असला तरी चित्र फार बदलत नाही. नव्या प्रणालीत त्याचा कर 1,92,400 येतो. जुन्या प्रणालीत याहून कमी कर यायला प्रमाणित वजावट सोडून 7 लाखांहून जास्त वजावटी दाखवाव्या लागतील. गृहकर्जाचे 2 लाख आणि 80 कचे दीड लाख मिळून त्याच्या निम्म्यापर्यंतच पोचतात. 1 एप्रिल 2026 पासून 1961 चा प्राप्तिकर कायदा जाऊन 2025 चा कायदा आला, कलमांचे क्रमांक बदलले, पण हा हिशेब बदललेला नाही.

भाडेकरूनेही याच वाटेवर काही गमावलं आहे. घरभाडे भत्त्याची सूट जुन्या प्रणालीत मिळायची आणि तिच्यासाठी मार्चमध्ये भाड्याच्या पावत्यांची धावपळ व्हायची. काही घरांत तर मुलगा वडिलांच्याच घरात राहून त्यांना कागदोपत्री भाडं द्यायचा. आपल्या शहराला या सुटीची मर्यादा पगाराच्या 40 टक्के, मुंबईला 50. आता बहुतेकांच्या दृष्टीने पावत्यांना अर्थच उरला नाही. दोन्ही बाजूंची सूट गेली, म्हणजे कराने या भांडणातून अंग काढून घेतलं असं वाटेल. तसं मात्र झालेलं नाही.

घरमालकाला मिळणारी सर्वांत मोठी करसवलत कुठल्याच फॉर्ममध्ये दिसत नाही. समजा, माझ्याकडे रोख 45 लाख आहेत. ते मी बँकेत ठेवले, तर व्याज माझ्या उत्पन्नात धरलं जातं. त्याच पैशाचं घर घेऊन ते भाड्याने दिलं, तर भाड्यातून मालमत्ता कर आणि 30 टक्के वजा जाता उरलेलं उत्पन्नात धरलं जातं. पण त्या घरात मी स्वतः राहिलो, तर वाचलेलं भाडं, म्हणजे मी मलाच दिलेलं भाडं, कायदा शून्य धरतो. दोन राहत्या घरांपर्यंत तसं धरता येतं. सगळीकडे असं नसतं. स्वित्झर्लंडमध्ये स्वतःच्या घरात राहणाऱ्याच्या उत्पन्नात घराचं काल्पनिक भाडं मिळवून त्यावर कर घेतला जात आला आहे. ही पद्धत रद्द करायला तिथल्या मतदारांनी सप्टेंबर 2025 मध्ये सार्वमतात कौल दिला. ब्रिटननेही असा कर 1963 पर्यंत ठेवला होता. आपल्याकडे ही सवलत नव्या आणि जुन्या, दोन्ही प्रणालींत शाबूत आहे. मात्र ज्याचं सगळं उत्पन्न 12 लाखांच्या आत आहे, त्याचं बँकेतलं व्याजही करमुक्तच राहतं. त्यामुळे ही सवलत जास्त पगारवाल्यालाच जास्त लाभते.

आता प्रत्यक्ष आकडे मांडू. 45 लाखांचा तयार दोन बेडरूमचा फ्लॅट धरू आणि तसाच फ्लॅट महिना 12,000 भाड्याने मिळतो असंही धरू. दोन्ही आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत, तुमच्या कॉलनीतले घालून पाहा. स्टँप ड्युटी महापालिका हद्दीत स्थानिक अधिभारासह 6 टक्के, म्हणजे 2 लाख 70 हजार. नोंदणी फी 1 टक्का, पण जास्तीत जास्त 30 हजार. हे 3 लाख घरात दिसत नाहीत. पदरचे 9 लाख आणि 36 लाखांचं कर्ज, 8 टक्क्यांनी, 20 वर्षांसाठी. हप्ता 30,112.

पहिल्या वर्षी हप्त्यापोटी 3 लाख 61 हजार जातात. त्यातले 2 लाख 85 हजार व्याजाचे, मुद्दल फिटतं फक्त 76 हजार. भाडेकरू वर्षाला 1 लाख 44 हजार देतो. दुसऱ्याचं घर फेडणारा तो एकटाच नाही. घरमालकही त्याच्या जवळपास दुप्पट व्याज बँकेला देतो. दहा वर्षं नेमाने हप्ते भरले, म्हणजे 36 लाखांच्या वर रक्कम गेली, तरी कर्ज 24 लाख 80 हजार शिल्लक असतं. अर्धी मुदत संपली, मुद्दलाचा तिसरा हिस्साही फिटला नाही. साइट ऑफिसातला कॅल्क्युलेटर हे सहसा दाखवत नाही.

आता दहा वर्षांनी दोघांकडे काय उरतं ते पाहू. भाडं दरवर्षी 6 टक्क्यांनी वाढलं, सोसायटीचा मेंटेनन्स, मालमत्ता कर आणि दुरुस्ती यांना वर्षाला 35 हजारांपासून सुरुवात झाली आणि तेही तसेच वाढले असं धरलं. भाडेकरूने सुरुवातीचे 12 लाख आणि दरवर्षी मालकाचा एकूण खर्च (हप्ता, मेंटेनन्स वगैरे) व भाडं यांतला फरक 7 टक्क्यांनी गुंतवला. हा दर अवास्तव नाही. पीपीएफवर गेली काही वर्षं 7.1 टक्के व्याज आहे आणि ते दोन्ही प्रणालींत करमुक्त आहे. वर्षाला दीड लाखाची मर्यादा आहे, पण नवरा-बायकोची दोन खाती असली तर हा वार्षिक फरक त्यात बसतो. दहा वर्षांनी भाडेकरूकडे साधारण 54 लाख जमतात.

मालकाच्या फ्लॅटची किंमत वर्षाला 6 टक्क्यांनी वाढली, तर तो 80 लाखांच्या थोडा वर जातो. कर्ज फेडून आणि नफ्यावर 12.5 टक्के दीर्घकालीन भांडवली नफा कर व उपकर भरून हातात साडेएक्कावन्न लाख येतात. त्या नफ्यातून नियमात बसणारं दुसरं घर घेतलं, तर कर नाही आणि आकडा 55 लाखांच्या पुढे जातो. म्हणजे जवळपास बरोबरी. किंमत 4 टक्क्यांनीच वाढली तर मालकाच्या हातात 39 लाख येतात आणि तो सपशेल हरतो. 8 टक्क्यांनी वाढली तर 66 लाख येतात आणि तो सहज जिंकतो. सारा निकाल या एका आकड्यावर आहे, आणि तो आज कुणाला ठाऊक नाही.

म्हणूनच सध्या शहरात घराच्या गप्पा बिडकीनवर येऊन थांबतात. टोयोटा किर्लोस्करने जुलै 2024 मध्ये तिथल्या सुमारे 20 हजार कोटींच्या प्रकल्पाचा करार केला. ऑरिक या औद्योगिक नगरीत आणखीही मोठी नावं आहेत. बजाजचा कारखाना 1985 मध्ये वाळूजला आला तेव्हाचं शहर ज्यांनी पाहिलं, त्यांना यावर विश्वास ठेवायला कारण आहे. फक्त करार आणि पहिला पगार यांत वर्षं जातात, आणि जमिनीचा भाव बहुधा कराराच्या बातमीलाच चढलेला असतो. आपण चढलेल्या भावाने घेतोय का, हे पाहायची सोपी तपासणी आहे: वर्षाच्या भाड्याने किमतीला भागा. वरच्या उदाहरणात 31 वर्षांचं भाडं म्हणजे एक फ्लॅट. तुमच्या भागात हा आकडा 40 च्या पुढे गेला, तर मला घाई दिसत नाही.

पण भाडेकरूच्या 54 लाखांतही एक मोठं 'जर' आहे. फरकाची रक्कम सुरुवातीला महिन्याला एकवीस हजारांच्या आसपास. ती खरंच दर महिन्याला बाजूला पडते का? निम्मीच पडली, तर दहा वर्षांनी 39 लाख राहतात, आणि मग 6 टक्क्यांच्या वाढीतही मालक खूप पुढे जातो. हप्ता चुकवला तर बँकेचा फोन येतो. पीपीएफमध्ये भरले नाहीत तर कुणी विचारत नाही. आणि भरले तरी कुठे भरले? याच शहरात 2023 मध्ये आदर्श नागरी सहकारी पतसंस्थेचा घोटाळा उघडकीस आला, पाठोपाठ मराठवाड्यात ज्ञानराधा मल्टिस्टेट बुडाली. जादा टक्क्यांच्या आशेने ठेवलेल्या कित्येकांच्या आयुष्याच्या ठेवी अडकल्या. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्याही, 5 लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. आमच्याकडच्या मागच्या पिढीने आधी प्लॉट, मग रो-हाऊस हा क्रम का धरला, ते या घोटाळ्यांनंतर चांगलं समजतं.

अर्थात प्लॉटमध्येही या शहराची स्वतःची मेख आहे. शहराचा मोठा भाग गुंठेवारीत, म्हणजे मंजुरीविना पाडलेल्या छोट्या प्लॉटांवर, वसला. बॉण्डवर लिहून घेतलेला प्लॉट स्वस्त असतो, पण बँक त्यावर कर्ज द्यायला तयार होत नाही, आणि मग सावकाराचे किंवा पतसंस्थेचे चढे व्याज आले की स्वस्ताई तिथेच संपते. 2001 चा गुंठेवारी कायदा आणि 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांना नियमित करण्याची 2021 मधली दुरुस्ती यांनी अनेकांना वाट करून दिली. तरी 2025 मध्ये मुकुंदवाडी आणि बीड बायपासला महापालिकेचे बुलडोझर फिरले, तेव्हा कागद कुणाकडे आहेत आणि कुणाकडे नाहीत हे सगळ्यांना दिसलं. पाण्याचंही तसंच. जायकवाडी भरलेलं असतं आणि सातारा-देवळाईत टँकर उभा असतो. टँकरचा त्रास भाडेकरूही सोसतो, पण कंटाळला तर अकरा महिन्यांचा करार संपवून तो गारखेड्यात जाऊ शकतो. मालकाला घर विकूनच जावं लागतं.

आणि लवकर विकणं महाग पडतं. वरचाच फ्लॅट तीन वर्षांनी, 6 टक्के वाढीनंतर विकला, तर मालकाकडे सुमारे 19 लाख येतात. तेवढ्या काळात भाडेकरूकडे साडेबावीस लाख जमलेले असतात. मधला फरक साधारण स्टँप ड्युटी आणि नोंदणीएवढाच आहे. चाकणला किंवा पुण्याला बदली होण्याची शक्यता असलेल्याने पाच-सात वर्षं इथेच राहायची खात्री नसेल, तर भाड्यानेच राहावं असं मला वाटतं. घर घेऊन ठेवून भाड्याने देण्यातही आता जुनी मजा नाही: नव्या प्रणालीत व्याज भाड्याच्या उत्पन्नापुरतंच वजा होतं, वरचा तोटा पगारातून वजा करता येत नाही.

ज्यांचं घ्यायचं ठरलं आहे, त्यांच्यासाठी कराच्या दोन गोष्टी उरतात. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटला जीएसटी आहे, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार फ्लॅटला नाही. किंमत 45 लाखांपर्यंत आणि कार्पेट 90 चौरस मीटरपर्यंत असेल तर 1 टक्का, नाहीतर 5. त्यामुळे 45 लाखांच्या फ्लॅटवर 45 हजार आणि 46 लाखांच्या फ्लॅटवर 2 लाख 30 हजार जीएसटी येतो. एक लाखाच्या मॉड्युलर किचनसाठी ही रेषा ओलांडू नये.

दुसरी गोष्ट नावाची. घर फक्त स्त्रीच्या नावे घेतलं तर स्टँप ड्युटीत 1 टक्का सूट मिळते, म्हणजे इथे 45 हजार रुपये. पूर्वी सीए सांगत, नवऱ्याचंही नाव घाला, नाहीतर त्याला व्याजाची वजावट मिळणार नाही. नव्या प्रणालीत ती वजावटच नसल्यामुळे ही अट गळून पडली आहे. एवढंच लक्षात ठेवायचं, की पैसा नवऱ्याचा असेल आणि पुढे घर भाड्याने दिलं, तर ते भाडं कायद्याच्या लेखी नवऱ्याचंच उत्पन्न धरलं जाईल. कर्जासाठी बँक त्याला सहकर्जदार म्हणून सही करायला लावेल, खरेदीखतावर नाव मात्र बायकोचं राहील.