न खणता बटाटा

बटाटा मातीत सापडतो म्हणून आपण त्याला मूळ समजतो. पण ते फुगलेले खोड आहे. पोसायला त्याला गरज असते ती अंधाराची. मग कुदळ कशाला? दिवाळीनंतर परसातल्या ओल्या जमिनीवर शेणखत पसरा, कोंब आलेले बटाटे वीत-वीत अंतरावर नुसते ठेवा नि वर वीतभर भाताचा पेंढा घाला. सुंदरबनात शेतकरी भातखाचरांत असेच पीक घेतात. ओल राखा. पेंढा दबला की नवा घाला. उजेड लागला तर बटाटा हिरवा पडतो, त्यात सोलानिन हे विष वाढते. ते शिजवूनही जात नाही, तेव्हा असा बटाटा खाऊ नये. तीन महिन्यांनी पाला वाळला, की पेंढा सारायचा अन् बटाटे वेचायचे! गुरुजींनीही शाळेच्या अंगणात हे करून दाखवावे.