वळरी : शस्त्रसंग्रह आणि तौलनिक वाचन

संग्रहालयातील शस्त्र काचेआड येते, ते कोणाच्या तरी हातून सुटल्यानंतर. नोंदवहीत त्याचा आकार, द्रव्य आणि प्राप्तिस्थान येते. ज्या क्रियेसाठी ते घडले ती क्रिया सहसा येत नाही. स्पिक्स आणि मार्टियुस यांनी १८१७ ते १८२० या काळात ब्राझीलमध्ये जमविलेल्या आणि म्युनिकला नेलेल्या अॅमेझॉन खोऱ्यातील वस्तूंविषयी हा प्रश्न विचारला जातो. तोच प्रश्न तमिळ प्रदेशातील ‘वळरी’ या फेकशस्त्राच्या संदर्भात मराठी अभ्यासकाच्या अधिक निकट येतो.

वळरी किंवा ‘वळै तडी’, म्हणजे वाकडी काठी, हे कठीण लाकडाचे, क्वचित लोखंडाचे, चंद्रकोरीच्या आकाराचे शस्त्र होय. त्याचे एक टोक जड असते. हलके टोक धरून ते खांद्यावरून गरगर फिरवीत आणि नेम धरून फेकीत. कळ्ळर आणि मरवर या समाजांत शिकारीसाठी व युद्धातही ते वापरले जाई. शिवगंगेच्या चिन्न मरुदूने हे शस्त्र फेकण्यास आपणास शिकविले, असे जेम्स वेल्श या कंपनीच्या अधिकाऱ्याने १८३० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत नमूद केले आहे. त्याच मरुदूला ऑक्टोबर १८०१ मध्ये कंपनीने फाशी दिली आणि डिसेंबरात मद्रासच्या गव्हर्नराच्या जाहीरनाम्याने शस्त्रे बाळगण्यास बंदी झाली. निःशस्त्रीकरण आधी आणि संग्रह नंतर, हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

१८५५ मध्ये दुसऱ्या शिवाजीराजांच्या मृत्यूनंतर तंजावरचे भोसले संस्थान खालसा झाले आणि तेथील शस्त्रागारातील काही वस्तू मद्रासच्या शासकीय संग्रहालयात आल्या. एडगर थर्स्टन याने १९०९ च्या आपल्या ग्रंथात तंजावरच्या शस्त्रागारातून आलेल्या तीन वळरींची नोंद केली आहे : दोन हस्तिदंती, एक लाकडी. रानात सशामागे फेकली जाणारी काठी मराठी दरबारात हस्तिदंताची होते, हे एका अर्थाने भाषांतरच आहे. आकार राहतो, द्रव्य, प्रयोजन आणि प्रतिष्ठा बदलते.

युरोपीय संग्राहकांनी मात्र आकारालाच प्रमाण मानले. लेन फॉक्स (पुढे पिट-रिव्हर्स) याने ऑस्ट्रेलिया, इजिप्त आणि भारत येथील फेककाठ्या एका मालिकेत मांडून त्यांतून वंशसंबंध सुचविला. त्याचा संग्रह १८८४ मध्ये ऑक्सफर्डला मिळाला. वाकडी काठी फेकण्याची कल्पना मात्र अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे सुचू शकते. तमिळ ‘वळै’ आणि मराठी ‘वळणे’ यांच्या ध्वनिसाम्यावरून लगेच नाते जोडण्याचा मोह असाच फसवा आहे. पहिला शब्द द्राविडी मुळाचा, तर दुसरा संस्कृत ‘वल्’ धातूशी जोडला जातो. साम्य हा तुलनेचा आरंभ असतो, पुरावा नव्हे.

थर्स्टनच्या ग्रंथात पुदुक्कोट्टै संस्थानच्या दिवाणांचे एक पत्र आहे. वळरी फेकणारे निष्णात आता उरले नाहीत, परंतु योद्ध्यांच्या वंशजांच्या घरी ती देवघरात असते आणि आयुधपूजेला बाहेर काढून स्वच्छ केली जाते, असा त्यातील आशय आहे. ही माहिती वस्तूच्या मापांहून मोलाची आहे. महाराष्ट्रात त्या दिवसाला खंडेनवमी म्हणतात. चेन्नईच्या वेस्ट मांबलमसारख्या वस्तीत आजही नवरात्रातील नवमीला पुस्तके, अवजारे आणि वाहने पूजेला मांडली जातात. मराठी ‘हत्यार’ या शब्दाप्रमाणेच तेथे ‘आयुध’ या शब्दात शस्त्र आणि साधन दोन्ही सामावतात.

मांबलम स्थानकापासून उपनगरी गाडीने चौथे स्थानक एग्मोर. तेथील पॅन्थिऑन रस्त्यावर १८५१ मध्ये स्थापन झालेले हे संग्रहालय उभे आहे. एकाच शहरात शस्त्राची दोन जीविते आहेत : एक वर्गीकरणाचे, दुसरे विधीचे. तौलनिक अभ्यासाने पहिल्याची नोंदवही दुसऱ्याच्या शब्दसंपत्तीसमवेत वाचली, तरच त्या तीन वळरींमागील हात, बंदी आणि दरबार ही तिन्ही वाचता येतील.