जेवण टाकणाऱ्या माणसाला घराची साथ

आहारविकार हा मनाचा आजार असला तरी जीव घेतो तो शरीराच्या वाटेने. मार्च 2025 मध्ये केरळच्या कन्नूर जिल्ह्यात 18 वर्षांची मुलगी अ‍ॅनोरेक्सियाने दगावली. कित्येक महिने ती घरच्यांपासून उपासमार लपवत होती. चर्चा मात्र समाजमाध्यमांवरच थांबली. रायगड जिल्ह्यातल्या वीर, महाड, पोलादपूरच्या घरांसाठी खरा प्रश्न पुढचा आहे: आपल्या माणसाने जेवण टाकले तर काय करायचे?

अ‍ॅनोरेक्सियात खाणे कमी होत जाते आणि वजन घटते. भारतातले अनेक रुग्ण जाड होण्याची भीती बोलून दाखवत नाहीत. पोट फुगते, भूकच नाही, असे सांगतात. बुलिमियात भराभर खाऊन मग मुद्दाम उलटी केली जाते; वजन बहुधा नेहमीइतकेच असल्याने आजार ध्यानात येत नाही. आपल्याकडे उपवासाचा आडोसाही मिळतो. श्रद्धेचा उपवास ठरल्या वेळी सुटतो, माणूस समाधानाने जेवतो. विकारात मात्र उपवास वाढत जातात आणि सोडायची वेळ आली की घालमेल होते.

चिडचिड आणि हट्ट यांना ‘नखरे’ म्हणणे अन्यायाचे आहे. अमेरिकेत मिनेसोटा येथे 1944-45 मध्ये एका प्रयोगात 36 धडधाकट तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले गेले. तेही चिडखोर, एकलकोंडे झाले. अन्नाशिवाय दुसरे काही त्यांना सुचेना. स्वभाव बिघडवते ती उपासमार.

म्हणून उपचाराची सुरुवात ताटापासून होते. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात 1980 च्या दशकात आकाराला आलेल्या पद्धतीत किशोरवयीन रुग्णाच्या जेवणाची जबाबदारी काही काळ आईवडील घेतात. काय आणि किती वाढायचे हे ते ठरवतात, जेवण संपेपर्यंत शेजारी बसतात, नंतरही सोबत देतात. जेवताना वाद नको, वजनाचा विषय नको. ‘किती वाळलीस’ जितके बोचते तितकेच ‘आता बरी भरलीस’. आईने आग्रह करायचा आणि आजीने ‘राहू दे’ म्हणायचे, असे झाले तर आजाराचेच फावते. घराचा शब्द एक हवा.

चक्कर, छातीत धडधड, शुद्ध हरपणे किंवा वारंवार उलट्या दिसल्या तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. उलट्यांनी रक्तातले पोटॅशियम घटून हृदयाचे ठोके बिघडतात. फार दिवस उपाशी असलेल्याला घरीच एकदम भरपूर खाऊ घालणेही घातक. त्याने रक्तातले फॉस्फेट झपाट्याने उतरते. असे जेवण डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वाढवावे लागते.

सल्ल्यासाठी 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक ऑक्टोबर 2022 पासून चोवीस तास सुरू आहे. तिथे मराठीतही बोलता येते. रक्ततपासणी आणि ईसीजी महाडमध्ये होतात. मानसोपचारासाठी अलिबागचे जिल्हा रुग्णालय किंवा मुंबईचे केईएम रुग्णालय गाठावे लागते. अंतर मोठे आहे, पण ‘बाहेरचे झाले’ म्हणून अंगारे-धुपाऱ्यात महिने घालवू नयेत. लवकर उपचार मिळाले तर हा आजार बरा होऊ शकतो.