जीपगाडीचा दुसरा दांडा

खडकाळ वाटांसाठीं बनविलेल्या जीपगाडींत चालकाच्या हाताशीं दोन दांडे असतात. एक नेहमींच्या गिअरचा. दुसरा, ‘ट्रान्सफर केस’ नांवाच्या पेटीचा. एंजिनाची शक्ति केवळ मागील चाकांना द्यावयाची कीं चारी चाकांना वांटावयाची, हें ही पेटी ठरविते. अमेरिकेंत १९९७ ते २००६ या काळांत निघालेल्या रँग्लर जीपमध्यें या दांड्याचीं सामान्यतः चार स्थानें आहेत : दोन चाकांची चाल, चार चाकांची चाल, मोकळी, आणि चार चाकांची मंद चाल.

यांतील ‘मोकळी’ हें स्थान लक्षांत ठेवावें. पेटी त्या स्थानीं असली म्हणजे एंजिन व चाकें यांचा संबंध तुटतो. मग उतारावर गाडी गिअरमध्यें उभी केलेली असली, तरी तो गिअर तिला धरून ठेवूं शकत नाहीं. हातब्रेकच काय तो आधार. दांड्याची व पेटीची सांगड चुकली, तर चालकाला वाटतें मंद चाल लागली आहे, आणि पेटी मात्र दोन स्थानांच्या मध्येंच असते.

ही सांगड चुकते कां? मूळ जोडणी लोखंडी सळयांची असते. दांडा बॉडीला जोडलेला, पेटी मात्र चॅसिसवर रबरी गाद्यांच्या आधारानें बसलेली. खडकांवर हे भाग वेगवेगळे हलतात आणि सळया अडकतात. मोठीं चाकें बसविण्यासाठीं बॉडी उंच केली, तर सळयांचा कोनच बदलतो.

यावर उपाय केबलचा. नळींतून सरकणारी तार आपण सायकलीच्या ब्रेकला पाहतों. ती तार केवळ ओढते. ही ढकलतेहि, म्हणून अधिक ताठ असते. नळीचीं दोन्ही टोंकें पक्कीं आवळलीं म्हणजे मधला भाग हलला तरी तारेची चाल फारशी बदलत नाहीं.

बसवितांना गाडी सपाट जमिनीवर ठेवून हातब्रेक ओढावा, चाकांना उटी लावावी आणि धुराची नळी थंड होऊं द्यावी. जुन्या सळया काढून केबल मोठ्या वळणानें न्यावी. ती धुराच्या नळीजवळून जातां कामा नये, फिरत्या शाफ्टला लागतां कामा नये. मग पेटीची भुजा दोन चाकांच्या चालीच्या खांचेंत ठेवावी, वरचा दांडाहि त्याच स्थानीं न्यावा आणि केबलच्या टोंकाचा आट्यांचा तुकडा फिरवून लांबी अशी जुळवावी कीं खीळ भोंकांत जोर न लावतां शिरेल. नंतर नट आवळावा.

एंजिन बंद असतांनाच चारी स्थानें लावून पाहावीं. दांडा थांबला एवढें पुरेसें नाहीं; भुजा प्रत्येक खांचेंत पुरती बसली कीं नाहीं, तें साथीदारानें खालून पाहावें. मंद चाल लागत नसेल तर जोर करूं नये. साथीदाराला बाहेर बोलावून गाडी किंचित् हलवावी व पुन्हां पाहावें.

वरच्या दांड्याजवळ स्थानांचीं नांवें लिहिलेलीं असतात. परंतु खरी स्थिति खालची भुजाच सांगते. म्हणून जोडणी कितीहि चांगली झाली तरी उतारावर हातब्रेक ओढल्यावांचून गाडी सोडूं नये.