कॉन्ट्रा नृत्यातील सोप्या फिगरची निवड: नवख्यांसाठी आणि सरावलेल्यांसाठी एकच नाच



अभियांत्रिकीच्या शिक्षकाने नाचावर टिपण लिहावे, याचे तुम्हाला नवल वाटेल. पण या नाचाची रचना समजून घेताना मोजणी, क्रमचय आणि चूक सावरण्याची व्यवस्था या तिन्ही गोष्टी कामाला येतात. प्रश्न साधा आहे. एकाच सभागृहात अर्धे लोक आज पहिल्यांदा आलेले आणि अर्धे वीस वर्षे नाचणारे असतील, तर दोघांनाही आवडेल असा नाच कोणत्या फिगर घेऊन बांधावा?

१. प्रश्न कुठून आला

मी मास्टर्ससाठी अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात होतो, तेव्हा एका सहाध्यायाने मला शनिवारच्या कॉन्ट्रा नृत्याला नेले. पहिले दोन नाच जमले. तिसऱ्यात ‘हे फॉर फोर’ नावाची फिगर आली. उजव्या खांद्याने जायचे तिथे मी डाव्याने गेलो आणि काही सेकंदांत आमची चौकडी विस्कटली, मग शेजारचीही. कोणी रागावले नाही, पण उरलेली संध्याकाळ मी खुर्चीवर बसून काढली आणि पुढे दोन महिने तिकडे फिरकलो नाही.

मग आग्रहाखातर पुन्हा गेलो. त्या दिवशी फिगर सांगणारी व्यक्ती वेगळी होती आणि मी एकदाही खाली बसलो नाही. मधल्या काळात मी काहीच शिकलो नव्हतो. बदलली होती ती फक्त फिगरची निवड. चुकीची निवड झाली की नवखा माणूस ‘मला नाचता येत नाही’ असे समजून घरी जातो आणि परत येत नाही. दर आठवड्याला चालणारा नाच नव्या माणसांशिवाय टिकत नाही, म्हणून ही निवड महत्त्वाची.

२. नाचाची रचना

इंग्लंडमधील समूहनृत्यांच्या चाली व कृती जॉन प्लेफर्ड यांनी १६५१ मध्ये ‘द इंग्लिश डान्सिंग मास्टर’ या पुस्तकात छापल्या. ही नृत्ये फ्रान्समध्ये ‘कोंत्रदांस’ म्हणून रुळली, अमेरिकेत पोचली आणि न्यू इंग्लंडच्या गावांत टिकून राहिली. आजचे कॉन्ट्रा नृत्य त्यांचेच वंशज आहे.

रचना अशी असते. जोड्या सभागृहात लांब रांग करून उभ्या राहतात. लगतच्या दोन जोड्या मिळून चौघांचा एक गट होतो. जोडीतील डाव्या बाजूच्या व्यक्तीला ‘लार्क’ आणि उजव्या बाजूच्या व्यक्तीला ‘रॉबिन’ म्हणतात. लेफ्ट आणि राइट यांची आद्याक्षरे लक्षात राहावीत म्हणून ही पक्ष्यांची नावे. आपल्या जोडीतला तो जोडीदार, समोरच्या जोडीतला तो शेजारी.

संगीत ६४ ठोक्यांचे असते. त्याचे १६ ठोक्यांचे चार भाग पडतात: अ१, अ२, ब१ आणि ब२. बहुतेक फिगर ८ ठोक्यांच्या असतात. मिनिटाला सुमारे १२० ठोके धरले, तर एक फेरी ३२ सेकंदांत पूर्ण होते. फेरीच्या शेवटी प्रत्येक जोडी एक घर पुढे सरकते, नव्या शेजाऱ्यांना भेटते आणि तोच क्रम पुन्हा सुरू होतो. दांडियात आपण पुढच्या माणसाकडे सरकतो, तसेच हे आहे. फरक एवढाच, की येथे जोडीदार नाचभर तोच राहतो आणि जोडी एकत्र सरकते.

फिगरची नावे पुकारणाऱ्याला ‘कॉलर’ म्हणतात. नाच सुरू होण्यापूर्वी कॉलर संगीताविना पूर्ण क्रम चालवून घेतो. संगीत सुरू झाल्यावर प्रत्येक फिगरच्या काही ठोके आधी तिचे नाव पुकारतो आणि काही फेऱ्यांनंतर गप्प होतो.

३. चूक होणारच: एक हिशेब

समजा, प्रत्येक माणूस प्रत्येक फिगर ९८ टक्के वेळा बरोबर करतो. एका फेरीत ९ फिगर आहेत आणि गटात ४ माणसे. म्हणजे चुकण्याच्या जागा ३६. सर्व काही बिनचूक होण्याची संभाव्यता ०.९८ चा ३६ वा घात, म्हणजे सुमारे ०.४८. एवढी अचूक माणसे असूनही निम्म्याहून अधिक फेऱ्यांत कुठेतरी काहीतरी चुकेल. (चुका परस्परांपासून स्वतंत्र आहेत, असे येथे गृहीत धरले आहे.)

नवख्या माणसाची अचूकता याहून कमीच असणार. म्हणून ‘कोणती फिगर चुकणार नाही?’ या प्रश्नाचा फारसा उपयोग नाही. ‘चुकल्यावर माणूस किती ठोक्यांत पुन्हा जागेवर येईल?’ हा प्रश्न विचारा. सोपी फिगर म्हणजे चूक लवकर भरून काढणारी फिगर. हे या टिपणाचे सार आहे.

४. निवडीचे चार निकष

(क) हात धरलेले आहेत का?
‘सर्कल लेफ्ट’मध्ये चौघे हात धरून डावीकडे फिरतात. तिघांना माहीत असेल, तर चौथा आपोआप योग्य ठिकाणी पोचतो. ‘लाँग लाइन्स’मध्ये एका बाजूचे सगळे हात धरून चार पावले पुढे आणि चार पावले मागे जातात, येथे हरवणे जवळजवळ अशक्य. याउलट ‘हे फॉर फोर’मध्ये चौघे हात न धरता, एकदा उजव्या आणि एकदा डाव्या खांद्याने एकमेकांना ओलांडत वेणीसारखी वाट विणतात. पूर्ण फिगर १६ ठोक्यांची असते. चुकलेल्याला धरायला तिथे कोणाचाच हात नसतो.

(ख) शेवट ओळखता येतो का?
‘तीन चतुर्थांश फिरा’ ही सूचना नवख्याला अवघड जाते. ‘जोडीदार तुमच्या बाजूला येईपर्यंत फिरा’ ही लगेच कळते. ज्या फिगरचा शेवट माणसावरून ओळखता येतो, ती अंशांत मोजाव्या लागणाऱ्या फिगरपेक्षा सोपी.

(ग) गती त्याच दिशेने पुढे जाते का?
‘स्विंग’ घड्याळाच्या दिशेने फिरते. उजव्या हाताची ‘अलेमांड’, म्हणजे हात धरून एकमेकांभोवती फिरणे, हीसुद्धा त्याच दिशेची. म्हणून तिच्यानंतर स्विंग सहज येते. डाव्या हाताच्या अलेमांडनंतर थेट स्विंग आली, तर शरीराला उलट वळावे लागते. सरावलेला माणूस हे सांभाळतो, नवखा अडखळतो. कोनीय संवेग तुम्ही शिकला आहात. येथे तो पायांना जाणवतो.

(घ) सर्वांना एकच काम आहे का?
‘चेन’मध्ये दोन रॉबिन उजवे हात धरून एकमेकींना ओलांडतात आणि पलीकडचा लार्क डाव्या हाताने स्वीकारून त्यांना वळवतो. कोण ओलांडणार आणि कोण थांबणार, हे आधी लक्षात ठेवावे लागते. फिगर सुंदर आहे, पण संध्याकाळच्या पहिल्याच नाचात नको. सर्कल, लाँग लाइन्स आणि ‘डो-सी-डो’ यांत भूमिका विसरली तरी चालते.

५. एक नमुना

वरील निकष लावून हा क्रम पाहा.

अ१: शेजाऱ्याशी डो-सी-डो (८), शेजाऱ्याशी स्विंग (८)
अ२: लाँग लाइन्स पुढे-मागे (८), सर्कल लेफ्ट तीन चतुर्थांश (८)
ब१: जोडीदाराशी बॅलन्स (४) आणि स्विंग (१२)
ब२: सर्कल लेफ्ट तीन चतुर्थांश (८), वर्तुळातच बॅलन्स (४), शेजाऱ्याला ओलांडून पुढच्या गटात (४)

डो-सी-डो म्हणजे समोरच्याला उजव्या खांद्याने ओलांडून, पाठीमागून फिरून, तोंड न वळवता पुन्हा जागेवर येणे. बॅलन्स म्हणजे हात धरून एक पाऊल पुढे, एक मागे.

आता जागा तपासू. चौघांना चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर ठेवा. स्विंग संपते तेव्हा रॉबिन नेहमी लार्कच्या उजवीकडे असते आणि दोघे रांगेच्या पलीकडे तोंड करून उभे असतात. शेजाऱ्याच्या स्विंगनंतर तीन चतुर्थांश फिरल्यावर जोडीदार एका बाजूला येतात. जोडीदाराच्या स्विंगनंतर पुन्हा तीन चतुर्थांश फिरल्यावर चौघेही आपापल्या मूळ कोपऱ्यावर पोचतात. शेवटचे ओलांडणे हेच एक घर पुढे सरकणे. कागदावर चार नाणी ठेवून हे करून पाहा. वाचण्यापेक्षा लवकर समजेल.

मुख्य गोष्ट लक्षात घ्या. या क्रमात हरवलेल्या माणसाला सावरण्याच्या चार जागा आहेत: लाँग लाइन्स, दोन्ही सर्कल आणि शेवटचा बॅलन्स. १६ ठोक्यांच्या आत त्याचा हात कोणीतरी धरतेच. शिवाय कोणीही आपला गट सोडून दुसरीकडे जात नाही, त्यामुळे एका गटातील गोंधळ शेजारच्या गटात पसरत नाही. फक्त रांगेच्या टोकाला पोचलेली जोडी एक फेरी थांबते, आपसांत जागा बदलून आत तोंड करते आणि पुन्हा खेळात येते. हे आधीच सांगून ठेवावे, कारण नवखी जोडी तिथेच ‘आमचा नाच संपला’ असे समजून बाहेर पडते.

६. सरावलेल्यांना यात काय मिळते?

सोपा नाच त्यांना कंटाळवाणा वाटेल, अशी शंका येते. माझा अनुभव वेगळा आहे. सरावलेल्या माणसाला फिगरच्या संख्येपेक्षा तिच्या प्रतीतून अधिक आनंद मिळतो.

स्विंगचेच पाहा. फुगडी घातलेल्यांना हे पटकन कळेल: दोघांनी बाहेरच्या बाजूला सारखा भार दिला, तर गिरकी हलकी आणि वेगवान होते, एक जण ढिला राहिला, तर ती जड होते. नवखा माणूस चालत चालत स्विंग करू शकतो आणि सरावलेला उजवा पाय मध्यभागी ठेवून डाव्या पायाने स्कूटर ढकलावी तसा फिरतो. फिगर तीच, पण तिला खोली आहे. (चक्कर येऊ नये म्हणून जोडीदाराच्या चेहऱ्याकडे पाहावे.) बॅलन्सचे पाऊल ठोक्यावर नेमके पडणे आणि सर्कलमधून स्विंगमध्ये न थांबता शिरणे, या गोष्टी वर्षानुवर्षे सुधारता येतात.

म्हणून पाचवा निकष असा: फिगर करायला सोपी आणि चांगली करायला अवघड असावी. नुसते चालणेच चालणे असलेला नाच या निकषावर नापास होतो, कारण त्यात सरावलेल्यांना काही उरत नाही. जोडीदाराशी आणि शेजाऱ्याशी एकेक स्विंग ठेवली, की दोघांचेही भागते.

एक इशारा. सरावलेली मंडळी हौसेने जादा गिरक्या घालतात. समोर नवखा असेल तर तसे करू नये, कारण पुकारलेली फिगर आणि दिसणारी फिगर वेगळी झाली की त्याला मूळ क्रमच कळत नाही.

७. संध्याकाळचा क्रम

एका नाचात एकच नवी फिगर आणावी. पहिल्या नाचात फक्त सर्कल, लाँग लाइन्स, डो-सी-डो आणि स्विंग. दुसऱ्यात अलेमांड किंवा ‘स्टार’. चेन त्यानंतर. ‘हे फॉर फोर’ मध्यंतरानंतर, तीही मागचे नाच जमले असतील तरच. नव्या-जुन्यांनी मिसळून जोड्या कराव्यात. चौघांत एक नवखा असेल तर तिघे त्याला सहज नेतात. चौघेही नवखे असतील तर कॉलरचे पुकारणेही पुरत नाही.

सारांश

सोपेपणा फिगरच्या संख्येवर अवलंबून नसतो. हात धरणे, ओळखू येणारा शेवट, एकाच दिशेची गती आणि सर्वांना समान काम, यांमुळे चूक लवकर भरून निघते. फिगर चांगली करण्याला भरपूर वाव असला, की सरावलेलेही रमतात. मला मात्र आजही ती खुर्ची आठवते. वर्गात मागच्या बाकावर कोणी गप्प बसलेले दिसले, की मी आधी माझ्या उदाहरणांची निवड तपासतो.

स्वाध्याय

१. विभाग ५ मधील नमुन्यात डो-सी-डोऐवजी डाव्या हाताची अलेमांड ठेवली, तर पुढच्या स्विंगमध्ये शिरताना काय अडचण येईल?
२. प्रत्येकाची अचूकता ९९ टक्के धरून विभाग ३ मधील संभाव्यता पुन्हा काढा.
३. ब२ मधील सर्कल चुकून अर्धीच फिरली, तर चौघे कोणत्या कोपऱ्यांवर असतील? बॅलन्सच्या ४ ठोक्यांत त्यांना सावरता येईल का?
४. तुमच्या भागातील एखादे समूहनृत्य घ्या आणि त्याच्या हालचालींना हेच पाच निकष लावून पाहा.