माहीम तालुक्यातला भातशेतकरी : एका घराच्या तीन पिढ्या (लेखांक चौथा)

कोळगाव आज पालघर जिल्ह्याचे मुख्यालय आहे. एकोणिसाव्या शतकात मात्र ते ठाणे जिल्ह्याच्या माहीम तालुक्यातले एक भातगाव होते. पश्चिमेला केळवे-माहीमची बागायती बंदरपट्टी, पूर्वेला जंगल आणि मध्ये भातखाचरे, असा हा टापू. बंदरपट्टीच्या वाडवळ आणि भंडारी बागायतदारांची हकीकत पुढच्या लेखांकात येईल. येथे आहे तो आतल्या पट्ट्यातला कुणबी, वारली किंवा मल्हार कोळी शेतकरी, ज्याचे सगळे जगणे पावसाच्या चार महिन्यांवर अवलंबून होते.

अशा घरातला आजोबा पेशवाईत जन्मलेला. 1739 साली चिमाजी आप्पांच्या मोहिमेत तारापूर, माहीम, वसई ही ठाणी पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आली. जून 1817 च्या पुणे करारात पेशव्यांनी उत्तर कोकण कंपनीला दिले. धनी बदलला तरी शेताची रीत तीच राहिली. पुढच्या दोन दशकांत भाताचे भाव घसरले, सारा मात्र रोकडीत भरायचा. घरात धान्य असूनही रुपयासाठी सावकाराचे दार ठोठावावे लागे. या घरांच्या कर्जाची सुरुवात इथली आहे, लग्नखर्चातली नव्हे. शेतकरी उधळपट्टीने बुडाला, असे त्या काळचे अधिकारी वारंवार लिहीत. ते अपुरे आणि अन्यायाचे आहे.

कामाचे वर्ष राबापासून सुरू होई. माघ-फाल्गुनापासून रोपाच्या जागेवर शेणाचा थर, त्यावर ऐनासारख्या झाडांच्या टहाळ्या, मग पालापाचोळा आणि गवत रचायचे, वरून बारीक माती पसरायची. वैशाखात, वारा बघून, वाऱ्याच्या उलट बाजूने आग लावायची. आग सावकाश धुमसली पाहिजे. भडकली तर राब वाया. जमीन भाजून निघाली की तणाचे बी मरते आणि राखेचे खत मिळते. पहिल्या पावसाबरोबर त्या राखेत भात पेरायचे, रोप वीतभर झाले की चिखलणी करून आवणी. हळवे भात दसऱ्याच्या सुमारास हाती येई, गरवे दिवाळीनंतर. माळावरच्या वरकस जमिनीत नागली आणि वरई. वरकस जमीन आणि जवळचे रान हे भातखाचराचेच अंग होते, कारण टहाळ्या तेथूनच येत. पुढे घडलेले सारे कळण्यासाठी एवढे ध्यानात ठेवावे लागते.

मुलाच्या पिढीत मोजणी आली. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1835 साली इंदापुरात सुरू केलेली पद्धत शतकाच्या मध्यानंतर ठाण्यातही लागू झाली. शेताला सर्व्हे नंबर मिळाला, बांधावर दगड बसले, सारा तीस वर्षांसाठी ठरला आणि खातेदार म्हणून नाव सरकारी कागदावर चढले. बापाला जे मिळाले नव्हते ते मुलाला मिळाले. पण नावावर झालेली जमीन आता गहाण टाकता येत होती, विकता येत होती आणि दिवाणी हुकूमनाम्याने काढूनही घेता येत होती. हक्क ज्या कागदाने दिला, हातची जमीन जाण्याची वाटही त्याच कागदाने उघडली.

1864 साली मुंबई-बडोदा रेल्वे पालघर-बोईसरवरून थेट मुंबईत पोहोचली. मुंबईच्या घोड्यांना आणि म्हशींना गवत हवे होते, चुलींना लाकूड. ज्या माळाला कोणी विचारत नव्हते त्याला भाव आला, आणि सावकाराची नजर खाचराइतकीच वरकसावर गेली. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की खावटी घ्यायची आणि सुगीला दिढीने फेडायची, म्हणजे मणाला दीड मण. एक वर्ष पीक बुडाले की बाकी पुढच्या वर्षावर चढे. दख्खनमध्ये सावकारांविरुद्ध झालेल्या 1875 च्या दंग्यांनंतर 1879 साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला, पण तो आधी पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या जिल्ह्यांपुरता होता. ठाण्याच्या शेतकऱ्याला तेव्हा ते संरक्षण मिळाले नाही.

नातवाच्या वाट्याला रान बंद झालेले आले. 1878 च्या वनकायद्याने राखीव जंगले झाली आणि राबासाठी टहाळ्या तोडणे गुन्ह्यात जमा होऊ लागले. ठाणे जिल्ह्यात ओरड इतकी झाली की 1885 साली मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला आणि राब हा त्या चौकशीतला कळीचा मुद्दा ठरला. 1892 च्या कायद्याने ठाणे-कुलाब्यात मोहफुले बाळगण्यावरही बंधने आली. राबाविना रोप नाही, रोपाविना सारा नाही. अनेक नातू आपल्याच आजोबाच्या खाचरात दुसऱ्याचे कूळ झाले. काही त्याहून खाली गेले. लग्नासाठी रक्कम उचलून नवराबायकोने सावकाराच्या घरी राबायचे, या बोलीच्या माणसाला लग्नगडी म्हणत. ही वेठ 1930 च्या दशकात सिमिंग्टन यांच्या सरकारी चौकशीत नोंदली गेली. 1945 साली वारल्यांनी गोदावरी परुळेकरांबरोबर तिच्याविरुद्ध लढा उभारला.

अशा घराची वंशावळ लावायची तर वाट याच कागदांतून जाते. जुन्या मोडी कागदांत आडनाव क्वचित असते; ‘अमुक बिन तमुक’ म्हणजे तमुकाचा मुलगा, आणि बाईचे नाव ‘कोम’ लावून नवऱ्याच्या नावाशी जोडलेले. 1903 च्या हक्कनोंदणी कायद्यानंतर फेरफार सुरू झाले. त्यांत मयत, वारस, वाटणी आणि गहाण क्रमाने सापडतात. तलाठी दप्तरातल्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी आणि त्र्यंबक-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या यांनी दोन-तीन नावे आणखी मागे जाता येते. ज्याची जमीन आधीच गेली त्याचे नाव खातेदाराच्या रकान्यात मिळत नाही. ते कुळाच्या नोंदीत, गहाणखतात किंवा दिवाणी दाव्यात प्रतिवादी म्हणून शोधावे लागते.