नदी ‘प्रदूषित’ कशी ठरते?

पाणी काळे दिसले म्हणून नदीचे नाव प्रदूषित नद्यांच्या यादीत जात नाही. त्यासाठी मोजमाप लागते. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ ठरलेल्या ठिकाणांवरून नियमितपणे नमुने घेते. काचेची बाटली काठोकाठ भरतात, हवेचा एकही बुडबुडा आत राहू देत नाहीत. मग प्रयोगशाळेत ती २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस अंधारात ठेवतात. पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंनी किती ऑक्सिजन वापरला, ते त्यातून कळते. यालाच बीओडी म्हणतात.

लिटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त बीओडी आढळली, की केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ ते ठिकाण प्रदूषित मानते. अशी लागोपाठची ठिकाणे जोडून ‘प्रदूषित पट्टा’ आखला जातो. म्हणजे यादीत बहुधा सबंध नदी नसते, तिचा एखादा भाग असतो. या पट्ट्यांचे पाच वर्ग आहेत: बीओडी ३ ते ६ असेल तर पाचवा, ३० च्या वर गेली तर पहिला, सर्वांत गंभीर.

केंद्रीय मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशात असे ३११ पट्टे होते; त्यांतले ५५ महाराष्ट्रात, सर्व राज्यांत सर्वाधिक. मिठी आणि मुठा या नद्यांचे पट्टे पहिल्या वर्गात होते.

बीओडी मुख्यतः सांडपाण्याची खूण आहे. जड धातू तिच्यात दिसत नाहीत. त्यामुळे यादीबाहेरची नदी निर्मळच आहे, असे समजू नये. आपल्या गावच्या नदीवर नमुने घेण्याचे ठिकाण असेल, तर तिथले आकडे महाराष्ट्र मंडळ प्रसिद्ध करते. ते वाचावेत आणि ग्रामसभेत त्यांवर बोलावे.